पाकीट कुणाच्या नावाचं?

गेल्या जुलैत, धो धो पावसात, संध्याकाळी साडेसातला तीन पाहुणे आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मोबाइलवर त्यांनीच पाठवलेली मेल होती आणि खाली आमच्या बाबांचं उत्तर: 'मिळाले. धन्यवाद.' होमस्टेचं बुकिंग बघते वहिनी, आणि ती तेव्हा डिचोलीला माहेरी. बाबा निवृत्त शिक्षक. आलेल्या पत्राची पोच द्यायची ही त्यांची जन्माची सवय. पाहुण्यांची सोय केली, पण त्या रात्री काकी जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घर गोव्यात, सावईवेऱ्याला. जुनं, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, चिऱ्यांच्या जाडजूड भिंती. घरच्या नावाचं एक डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) घेतलंय, पण होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे आमची मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या, स्वस्तातल्या प्लॅनमध्ये पेटी एकच. डोमेनवरच्या कुठल्याही नावाने पाठवा, मेल त्याच पेटीत पडते. बाबा, काका, वहिनी आणि मी, चौघं एकाच पासवर्डने ती उघडायचो. काकांच्या कुळागरातल्या सुपारी-जायफळाची चौकशी बाबांनी वाचली, की काकांना ती 'वाचलेली' दिसायची आणि ते पुढे सरकायचे.

माझ्याकडे एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, पडून होता. बेत तीन प्रोग्रामचा: फेचमेल होस्टिंगवरच्या पेटीतून दर पाच मिनिटांनी मेल ओढून आणणार, पोस्टफिक्स ती ज्याच्या-त्याच्या खणात टाकणार, डव्हकॉट ती मोबाइल-लॅपटॉपवर दाखवणार. तिन्ही बसवायला अर्धा तास लागला. राउटरमध्ये पायला घरापुरता कायमचा पत्ता नेमून दिला आणि त्याला केबलनेच जोडला, कारण चिऱ्यातून वायफाय पलीकडे जात नाही.

पहिल्या दोन रात्री गेल्या एका तिरक्या रेघेत. पोस्टफिक्सला सांगायचं असतं की मेल 'मेलडिर'मध्ये ठेव, आणि त्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची असते. रेघ असेल तर तो फोल्डर समजतो, आत 'न्यू', 'कर', 'टेंप' असे तीन कप्पे करतो आणि प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवतो. मी रेघ विसरलो. त्याने 'मेलडिर' नावाची एकच फाइल केली आणि सगळ्या मेल्स एकाखाली एक तिच्यात कोंबल्या. डव्हकॉट म्हणतोय हे फोल्डर नाही, आणि मी आपला फाइलींच्या परवानग्या बदलत बसलोय! एक मात्र आधीच सुचलं होतं: फेचमेल मेल आणली की सर्व्हरवरची पुसून टाकतो, म्हणून सेटिंगमध्ये 'कीप' घालून ठेवलं होतं. ते नसतं तर चाचणीतच काकांचे दोन व्यापारी गेले असते.

खरा गुंता पुढे होता. एका पेटीतली मेल चौघांत वाटायची, तर ती कुणाची हे ओळखायचं कशावरून? मला वाटलं मेलवरची 'टू'ची ओळ बघायची, झालं. आठवडाभर बरं चाललं. मग देवस्थान समितीची जत्रेच्या बैठकीची सूचना आली. ती बीसीसीने, घेणाऱ्यांची नावं लपवून पाठवलेली, म्हणजे 'टू'मध्ये समितीचाच पत्ता. बाबांचं नाव कुठेच नाही. फेचमेलने ती माझ्या खणात टाकली, कारण बेवारशी मेल कुणाला द्यायची तिथे मी माझं नाव दिलं होतं.

काकांना समजावून सांगायला गेलो. 'टू' म्हणजे पत्राच्या आतला मायना, पोस्टमन तो वाचत नाही. तो पाकिटावरचा पत्ता बघतो, आणि आपल्या पेटीत पडताना ते पाकीट निघून गेलेलं असतं. काका सुपारी कातरत म्हणाले, "म्हणजे पाकीट फेकून दिलं, आणि आता पत्र कुणाचं ते शोधतोयस?" मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

पाकीट पूर्ण गेलेलं नव्हतं. मेलचा सगळा मथळा, एरवी न दिसणाऱ्या ओळींसकट, उघडून ओळ न् ओळ वाचली. 'डिलिव्हर्ड-टू' दिसलं, हरखून ते लावलं, तर चौघांच्याही मेल माझ्याकडे! तिथे नाव होतं त्या सामाईक पेटीचंच. दोन ओळी वर 'एक्स-ओरिजिनल-टू' होतं आणि त्यात बाबांचा पत्ता. पत्ता पेटीकडे वळवण्याआधी जो होता, तो. फेचमेलला ती ओळ वाचायला सांगितली आणि बीसीसीच्या मेल्सही बिनबोभाट बाबांकडे जाऊ लागल्या. असं काही करणार असाल तर तुमच्या मेलमध्ये अशी ओळ आहे का, ते सगळ्यात आधी बघा. नसेल तर पायला हात लावू नका.

जाणाऱ्या मेलचं थोडक्यात: घरच्या कनेक्शनवरून थेट 25 नंबरच्या पोर्टने (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दाराने) पाठवायच्या फंदात पडलो नाही. पासवर्ड देऊन 587 नंबरच्या पोर्टवरून होस्टिंगच्याच सर्व्हरकडे सोपवतो. वीज गेली तरी काही हरवत नाही, मेल तिकडे थांबून राहते. पायचं मेमरी कार्ड मात्र श्रावणात एकदा उडालं, तेव्हापासून तो इन्व्हर्टरवर आहे.

वहिनीची तक्रार राहिलीच. ती बाजारात गेली की मोबाइलवर मेल दिसेना, कारण आमच्या कनेक्शनला बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ताच नाही. शेवटी तिच्यापुरती होस्टिंगवर पैसे भरून वेगळी पेटी घेतली आणि पायवरचा तिचा खण काढला. (चौघांचीच घेतली असती तर? हा प्रश्न घरात कुणी विचारलेला नाही, मीही विचारत नाही.) लगेच काकांनी तिला पाठवलेली मेल परत आली: असा माणूस इथे नाही. मी पोस्टफिक्सला आमचं डोमेन त्याच्या घरचं म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या नावाची सगळी माणसं आपल्याकडेच, असा त्याचा समज. ते नाव त्या यादीतून काढलं.

आता काकांनी पलीकडच्या खोलीतल्या बाबांना पाठवलेली मेलसुद्धा आधी होस्टिंगवाल्याकडे जाते आणि पाचेक मिनिटांनी परत येते. तोवर काका राजांगण ओलांडून, काय लिहिलंय ते तोंडी सांगून आलेले असतात.