सोहिरोबांची रामनवमी

रामनवमी, रात्री. म्हापसा.

आज देवळात जन्माचं कीर्तन झालं, पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. दुपारी घरी आल्यावर काकांनी आठवण करून दिली, "आज सोहिरोबांचीही तिथी." मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. शके १७१४ च्या, म्हणजे इ. स. १७९२ च्या रामनवमीला संत सोहिरोबानाथ आंबिये उज्जैनला आपल्या जागेवरून उठले आणि निघून गेले. पुन्हा कुणाला दिसले नाहीत, असं परंपरा सांगते. जन्मोत्सवाच्या दिवशी हा जोगी नाहीसा झाला. आम्हा पेडणेकरांच्या घरांत रामनवमीला या दोन्ही गोष्टी सोबत असतात.

पेडणे तालुक्यातल्या पालयेसारख्या गावात जन्मलेला माणूस उज्जैनपर्यंत कसा पोचला, हे मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. जन्म १७१४ चा. घराणं मूळचं संझगिरी. पुढे बिऱ्हाड बांद्याला. आज पालये गोव्यात आणि बांदा महाराष्ट्रात. मध्ये पत्रादेवीचा नाका. सोहिरोबांच्या वेळी मात्र हा सगळा मुलूख सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा होता. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ मध्ये, आणि तोवर सोहिरोबा उत्तरेत पोचून बरीच वर्षं झाली होती. म्हणून त्यांना गोव्याचं म्हणावं की सिंधुदुर्गाचं, हा वाद मला कधी पटत नाही. तेरेखोलच्या दोन्ही काठांवर त्यांची पदं सारख्याच चालीत म्हणतात.

बांद्याला ते कुळकर्णी होते. जमिनीच्या नोंदी, वसुलीचा हिशेब, दरबारातून येणारी बोलावणी, असं कागदांत बुडालेलं आयुष्य. मला सोहिरोबांमधलं हे फार जवळचं वाटतं. माझी सगळी नोकरी कचेरीत गेली. संत म्हटला की तो लहानपणापासून वेगळा, विरक्त, असं आपण ऐकत आलेलो असतो. सोहिरोबा पस्तिशीपर्यंत चारचौघांसारखे संसारी आणि कामाचे होते.

मग ती फणसाची गोष्ट. आमच्याकडे ती मुलांना सांगतात तेव्हा फार भरभर सांगतात, आणि मला ती सावकाश ऐकायला आवडते. सावंतवाडीहून राजाचं तातडीचं बोलावणं आलं. सोहिरोबा निघाले, वाटेत खायला फणस घेतला. इन्सुलीच्या रानात उन्हाची वेळ झाली, सावली बघून बसले, फणस फोडला. पहिला गरा तोंडात घालणार तेवढ्यात कुणीतरी हाक मारली: मलाही काही देणार का? वर बघतात तर समोर एक जोगी उभा. सोहिरोबांनी हातातले गरे त्याच्यापुढे धरले. तो जोगी म्हणजे गहिनीनाथ. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, उपदेश केला आणि गेले.

मी यातल्या एका क्षणापाशी दर वेळी थांबते. राजाचं बोलावणं आहे, उशीर झालेला आहे, भूक लागलेली आहे, आणि हात चिकानं माखलेले. अशा वेळी अनोळखी माणसानं काही मागितलं तर आपण आधी त्याच्याकडे रोखून बघतो. सोहिरोबांनी आधी गरे पुढे केले. गुरूला द्यायला त्यांच्याजवळ विद्या नव्हती, तप नव्हतं, गुरूची ओळखही नव्हती. तोंडाजवळ आलेला घास होता. तो दिला.

इतिहासाच्या बाजूनं कुणी विचारेल की हे गहिनीनाथ कुठले? निवृत्तिनाथांचे गुरू तेच आणि ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. मध्ये साडेचारशे वर्षं जातात. नाथपंथी याचं उत्तर सरळ देतात: नाथ चिरंजीव आहेत, योग्य वेळ आली की भेटतात. माझी यावर श्रद्धा आहे. पण ज्याची नसेल त्यानंही एवढं बघावं की त्या दुपारनंतर बांद्याच्या कुळकर्ण्यानं काम सोडलं आणि हजारो ओव्या-अभंग त्याच्या मुखातून येऊ लागले. ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धांतसंहिता’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ हे ग्रंथ झाले. इन्सुलीच्या रानात काहीतरी घडलं, याबद्दल मला शंका नाही.

आणि काम सोडलं तरी घर सोडलं नाही! हे फार महत्त्वाचं आहे आणि कीर्तनांत ते हटकून राहून जातं. उपदेश मिळाला पस्तिशीला, उत्तरेकडे निघाले साठीच्या सुमारास, १७७४ मध्ये. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं ते आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांत राहिले. योग म्हटला की आपल्याला हिमालय आठवतो. सोहिरोबांचा योग बांद्याच्या पावसाळ्यांत, माणसांच्या राबत्यात मुरला. एवढा काळ कुणाला काही दाखवायला न जाता मुरू देणं मला त्यांच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

नाथांची साधना तशी प्रत्येकाच्या नाकाशीच आहे. श्वास आत येतो, बाहेर जातो, आणि त्याबरोबर सोऽहं, म्हणजे ‘तो मीच’, हा जप चाललेला असतो. गोरक्षनाथांच्या परंपरेत दिवसरात्रीचे २१,६०० श्वास धरतात. मिनिटाला पंधरा. जप आपला आपण चालू असतो, म्हणून तो अजपा. माणसानं फक्त तिकडे लक्ष द्यायचं. काका मला हे फार वर्षांपूर्वी शिकवत होते तेव्हा म्हणाले होते, "मोजू नको. मोजायला लागलीस की कुळकर्णीपण सुरू." मी पहाटे बसते. कधी लक्ष राहतं, कधी दुधाचा हिशेब मध्ये येतो. बसायचं मात्र सोडत नाही.

संध्याकाळी विर्नोड्याहून भाचा आला. तिथल्या सरकारी महाविद्यालयाला सोहिरोबांचं नाव आहे आणि तो तिथेच शिकतो. कार्यक्रमात त्याला पाच मिनिटं बोलायचं आहे. "मावशे, सोहिरोबांची शिकवण एका वाक्यात सांग," म्हणाला. मी त्याला ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ म्हणून दाखवायला सांगितलं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात ते घरोघरी पोचलंय, त्यालाही चालीसकट पाठ होतं. त्यानं छान म्हटलं. मग मी त्याला एका कडव्याशी थांबवलं:

"विवेकाची ठरेल ओल, ऐसे की बोलावे बोल,
आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे."

हे शेत पाहिलेल्या माणसाचे शब्द आहेत. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती करणाऱ्याला विचारा, जमिनीत ओल धरली तर बी रुजतं. त्याच पाण्यात उगीच पाय नाचवले तर नुसता चिखल होतो. पाणी तेच, माती तीच. सोहिरोबा म्हणतात, बोलणं असं असावं की त्यानं ऐकणाऱ्याच्या आत ओल राहावी. अध्यात्मावर आज केवढं बोललं जातं! सकाळी मोबाइल उघडला की दहा सुविचार आलेले असतात. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यातल्या किती शब्दांनी आत काही भिजलं हे आपण स्वतःला विचारायला हवं.

आणि त्यापुढचं, माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात कडक वचन: "अनुभवावीण मान हालवू नको रे." भजनाला बसलेल्या माणसांना भजनातच सांगितलंय हे! माना तर तिथे सगळ्यांच्याच डोलत असतात. ताल धरून डोलणं वेगळं, आणि न कळलेल्या गोष्टीला ‘खरं आहे, खरं आहे’ म्हणून मान देणं वेगळं. सोहिरोबा श्रद्धेला नको म्हणत नाहीत. संतांच्या संगतीत बसून उमजून घे असं त्याच कडव्यात सांगतात. पण उमजण्याच्या आधी होकार देऊ नको. अठराव्या शतकात, जिथे राजाच्या आणि भटजीच्या शब्दाला मान हलवणं एवढंच सामान्य माणसाच्या हाती होतं, तिथे हे सांगायला काय बळ लागलं असेल!

हे बळ त्यांनी पुढे महादजी शिंद्यांसमोर दाखवलं. पालयेच्या शेजारचं केरी. तिथले जिवबादादा केरकर तेव्हा शिंद्यांच्या फौजेत बक्षी, म्हणजे मोठे अधिकारी होते. आमच्या एका कोपऱ्यातल्या दोन गावांतले दोघे, एक तलवारीचा आणि एक झोळीचा, तिकडे उत्तरेत भेटले, हे मनात आलं की मला अजूनही भरून येतं. महादजी स्वतः पदं रचत. त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली. दिल्लीचा बादशाह ज्याच्या आधारावर गादीवर बसलेला, त्या माणसाची ती कविता. सोहिरोबांनी ती पाहिली आणि मान हलवली नाही. तिच्यात त्यांना अनुभव दिसला नाही, तसं त्यांनी सांगितलं. महादजींना राग आला असावा, कारण सोहिरोबांचं उत्तर हिंदीतल्या त्या प्रसिद्ध पदातून आलं असं सांगतात: "अवधूत नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकीरी."

पुष्कळ लोक या प्रसंगात फकिराचा बाणेदारपणा बघतात. मला त्यात महादजींबद्दलची आस्था दिसते. खोटी वाहवा करून शाल घेऊन जाणारे त्यांच्याभोवती कितीतरी असतील. खरं सांगणारा एक भेटला. परंपरा पुढे असंही सांगते की महादजींनी हे मनाला लावून घेतलं आणि सोहिरोबांबद्दल आदर धरला. मला ते पटतं. पानिपतातून लंगडत परत आलेला माणूस होता तो. खऱ्या शब्दाची किंमत त्याला कळत असणार.

भाच्यानं शेवटी नाहीसं होण्याचं विचारलं. "म्हणजे वारले ना?" काका गप्प राहिले, मग त्यांनी ओळ म्हटली, "दिसणे हे सरले, अवघे प्राक्तन हे मुरले." आणि त्याच पदातली पुढची: "आलो नाही, गेलो नाही, मध्ये दिसणे ही भ्रांति." उज्जैन ही क्षिप्रेकाठची, महाकाळाची आणि भर्तृहरीच्या गुंफेची नगरी, नाथपंथीयांचं जुनं ठिकाण. तिथून ते कुठे गेले हे शोधण्यापेक्षा काका या ओळींकडे बोट दाखवतात. मी काकांशी सहमत आहे. ज्यानं आयुष्यभर सांगितलं की दिसणं हेच आपण नव्हे, त्याच्या शेवटच्या दिवसाचा पंचनामा करून काय हाती लागणार? तरी बांद्यात त्यांच्या घरच्यांना ही बातमी कशी कळली असेल, किती महिन्यांनी, कुणाच्या तोंडून, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येक गोसाव्याला त्यांनी विचारलं असेल.

भाचा वहीत लिहून घेत होता. ‘हरिभजनावीण’च्या शेवटच्या कडव्याशी आला, "सोहिरा म्हणे ज्ञानज्योती, तेथ कैचि दिवसराती," आणि अर्थ विचारू लागला. शब्दार्थ मी सांगितला. त्या ज्योतीपाशी दिवस नाही, रात्र नाही. "पण म्हणजे कसं?" म्हणाला. त्याच्या भाषणासाठी मला काहीतरी सुरेख सांगता आलं असतं. मी म्हटलं, या ओळीबद्दल मी काही बोलणार नाही, तूही स्टेजवर बोलू नको, नुसती ओळ म्हण. तो जरा हिरमुसला, पण त्यानं वहीत पुढची जागा मोकळी सोडली. शाळांना सुटी पडली की त्याला इन्सुलीला न्यायचं ठरलंय. काकांना झेपेल तर तेही येतील, म्हणजे गाडी लागेल.