मिस, हा खोटं हसतोय!

इंग्लंडातल्या प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे 'व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शाळा' हा विषय दरवर्षी माझ्या वाट्याला येतो. पाट्या, छडी, एका सुरात पाढे. यंदा आठ-नऊ वर्षांच्या पोरांना मी थॉमस वेब्स्टरची १८४१ सालची जोडचित्रं दाखवली, 'द फ्राउन' आणि 'द स्माइल'. त्या दिवशी नेमकं माझ्या तासाचं निरीक्षण होतं. मुख्याध्यापिका वही घेऊन मागे बसलेल्या.

दोन्ही चित्रांत मुलं बाकावर ओळीनं बसलीत. एकात सगळ्यांचे चेहरे पडलेले, दुसऱ्यात खिदळणं चाललंय. मास्तर मात्र कुठेच नाहीत.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"आपण जिथून चित्र बघतोय ना, तिथेच ते उभे आहेत," एक मुलगा म्हणाला. शाबास!

एवढ्यात एक मुलगी उठून थेट पडद्यापाशी गेली. हसणाऱ्यांपैकी एकावर बोट टेकवून म्हणाली, "मिस, हा खोटं हसतोय. तोंड हसतंय, डोळे नाही."

मी उडालेच. ही चित्रं ज्या कवितेवरून सुचली, त्या ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० सालच्या कवितेत हेच तर आहे: मास्तर विनोद करायचे आणि पोरं उसनं हसायची. मी त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या जोक्सवर आम्ही असंच हसतो."

सगळा वर्ग हसत सुटला. हे हसू अस्सल होतं, एवढं तर मलाही कळतं.

पाठाचं टाचण तिथेच संपलं. मग छडीची चौकशी सुरू झाली. इथल्या सरकारी शाळांत छडी कायद्यानं बंद झाली ती थेट १९८७ साली, हे कुणाला पटेचना. "म्हणजे माझ्या आजोबांनी खाल्ली असेल!" याचा एकाला भलताच आनंद झाला.

"आणि मास्तरांना कोण रागवायचं?" मघाचीच मुलगी.

प्रश्न फार नेमका होता. १८६२च्या नियमांनुसार सरकारी इन्स्पेक्टर येऊन एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासायचे. मूल एका विषयात नापास झालं की शाळेच्या अनुदानातले २ शिलिंग ८ पेन्स गेले. त्याची झळ बऱ्याचदा मास्तरांच्या पगारालाही बसायची. तेव्हा पोरांकडून घोकून घेण्याला पर्यायच नसे.

तिनं मान वळवून मागे पाहिलं. "मिसचे आज किती कापणार?"

"बघू," वहीतून मान वर न करता मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं आहेत."