आमदार गावात असतात तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे १० मतदारसंघ, चंदगडपासून शिरोळपर्यंत. शिवाय विधान परिषदेचे आमदार वेगळे: स्थानिक स्वराज्य संस्थांचे, आणि पुणे विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांचे, ज्यात आपला जिल्हा येतो. म्हणजे पदवीधर मतदाराला किमान दोन आमदार असतात आणि बहुतेकांना ओळखीचा असतो तो डिजिटल फलकावरचा एकच चेहरा. त्या चेहऱ्यामागचा माणूस ओळखायचा तर आधी त्याचा दिवस कळायला हवा.

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्या दिवसांत घरी जाऊन "सायेब हाईत काय?" विचारण्यात अर्थ नाही. सोमवार ते शुक्रवार सभागृह, शनिवार-रविवारी मतदारसंघ. त्यातच लग्नं, बारसं, रक्षाविसर्जन. सकाळी आठच्या सुमारास दारात गर्दी असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्यामुळे स्वीय सहायकाची ओळख आधी करून घ्यावी. कुठलं पत्र कुठल्या खात्याकडे गेलं, हे लक्षात ठेवणारा माणूस तोच.

निवेदन एका पानाचं आणि एकाच कामाचं असावं. रस्ता, पाणंद (शेताकडे जाणारी वाट), बदली आणि पोराची नोकरी एकाच कागदावर घातली की चारही राहतात. गाव, तालुका, रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती मीटर, गट नंबर, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. आमदारांनी तिथल्या तिथे अधिकाऱ्याला फोन लावला की माणूस खूश होऊन परततो, पण फोनची नोंद कुठेच राहत नाही. "बघतो साहेब" एवढंच होतं. पत्र मागावं, ते त्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावं, आवक क्रमांक लिहून घ्यावा. पुढच्या भेटीत तो क्रमांक सांगितला की बोलणं मुद्द्यावर येतं.

आमदार निधीबद्दलचे गैरसमज फार मोठे आहेत. त्यातला रुपया आमदारांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते आणि पैसे नियोजन विभागामार्फत यंत्रणेकडे जातात. कामं अडतात ती बहुतेक वेळा जागेच्या प्रश्नावर. सभामंडप सार्वजनिक जागेतच हवा आणि सातबारा किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा) कुणा एकाच्या नावावर निघाला की फाईल परत येते. आचारसंहिता लागली तर नवं काम थांबतंच. म्हणून मागणी एप्रिल-मेमध्ये द्यावी. फेब्रुवारीत धावाधाव करून ३१ मार्च गाठणं अवघड जातं.

आमदारांचं खरं काम सभागृहात असतं आणि त्यात आपण मदत करू शकतो, हे फार कमी लोकांना सुचतं. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) असो की लक्षवेधी सूचना, त्याला नेमकी माहिती लागते: खातं कोणतं, अर्ज कधी दिला, लेखी उत्तर काय आलं. तेवढे कागद अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पोचवले तर उपयोग होतो. विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला हवा. रेल्वेचा प्रश्न घेऊन गेलात तर ते खासदारांकडे पाठवतील, आणि ते बरोबरच आहे.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा आमदारही रात्रभर फोनवर असतो. त्या दिवसांत पाणंदीचं निवेदन खिशातच राहू द्यावं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला आलेल्या आमदारापुढेही कागद धरू नये. तिथे तो आपल्या पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करणारा माणूस असतो. शेजारी बसून खेळाविषयी बोलावं.

आणि काम झालं की त्याच सहायकाला पूर्ण झालेल्या रस्त्याचा फोटो पाठवावा, सोबत गट नंबर आणि आवक क्रमांक.