डिफर केलेला स्नॅग

बिघाड असलेलं विमान कधीकधी तसंच उडवतात, आणि ते नियमात बसतं. अशा बिघाडाला आम्ही स्नॅग म्हणतो, आणि त्याची दुरुस्ती ठरलेल्या मुदतीपर्यंत पुढे ढकलणं म्हणजे डिफर करणं. सांगलीत आमराईत सकाळी फिरताना हे सांगितलं की मंडळी दचकतात. कोल्हापूर किंवा पुण्याहून विमान धरणारे सगळेच. एकजण तर म्हणाले, "काय ओ साहेब, मग आम्ही बसायचं कसं?" मी विमान दुरुस्तीत नोकरी केली, मुंबईत रात्रपाळ्या काढल्या आणि निवृत्तीनंतर विश्रामबागला परत आलो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक कंपनीकडे एमईएल नावाची यादी असते, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. विमानाच्या त्या प्रकारासाठी एक मूळ यादी असते. कंपनीची यादी तिच्यापेक्षा कडक चालते, सैल चालत नाही, आणि आपल्याकडे तिला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी लागते. कुठली वस्तू बंद असताना उडता येईल, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हे त्यात असतं. मुदतीनुसार वस्तूंचे वर्ग असतात: बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२०. नोंद केली तो दिवस धरायचा नाही. ए वर्गाची मुदत त्या त्या नोंदीतच लिहिलेली असते. सुरक्षेशी संबंध असलेली वस्तू यादीत नसेल, तर ती चालूच हवी.

लोकांना वाटतं धोका या यादीत आहे. मला तसं वाटत नाही. यादी विचार करून बनवलेली असते. धोका तिच्या अटी अर्ध्या पाळण्यात आहे.

एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर बंद आहे असं धरा. उतरल्यावर वेग कमी करायला तो मदत करतो, पण ब्रेक आणि स्पॉइलर, म्हणजे पंखांवर उघडून वेग कमी करणाऱ्या झडपा, असतातच, म्हणून डिफर करता येतो. अट अशी की इंजिनिअरने तो कुलूपबंद करायचा, आणि वैमानिकाने इंजिनाची ताकद कमीजास्त करणारी लिव्हर हाताळायची ठरलेली पद्धत पाळायची. १७ जुलै २००७ ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅम कंपनीचं ए-३२० विमान असंच उजवा रिव्हर्सर बंद ठेवून उतरलं. डिफरल नियमात होतं. पण फ्लाइट रेकॉर्डरनुसार उजवी लिव्हर पुढेच, चढाईच्या जागी राहिली. स्पॉइलर उघडले नाहीत. १९९ माणसं गेली.

माझ्या मनातून न जाणारी घटना मात्र माद्रिदची आहे. २० ऑगस्ट २००८, स्पॅनएअर कंपनीचं एमडी-८२ विमान. बाहेरचं तापमान मोजणाऱ्या प्रोबचा हीटर जमिनीवर असतानाच तापत होता. खरं तर तो विमान उडाल्यावरच तापायला हवा. मेकॅनिकने यादी पाहिली. हीटर बंद असला तरी बर्फाचा संभव नसेल तर उडता येतं, असं तिथं होतं. त्याने ब्रेकर खेचून हीटरची वीज तोडली आणि विमान सोडलं. उड्डाणाच्या वेळी फ्लॅप, म्हणजे विमानाला उचल देणारे पंखांचे हलते भाग, उघडलेले नव्हते, आणि तसं असताना जो इशारा वाजायला हवा तो वाजला नाही. १७२ जणांपैकी १५४ गेले. विमान जमिनीवर आहे की हवेत, हे ओळखणाऱ्या सर्किटमधला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्या हीटरलाही लागतो आणि त्या इशाऱ्यालाही. इशारा का वाजला नाही याचं पक्कं कारण तपासात हाती लागलं नाही, पण हा दुवा अहवालात आहे.

हीटर बिघडलेला नव्हताच. नको त्या वेळी तो चालू होता. यादी वस्तू बंद ठेवायची परवानगी देते. ती वस्तू अशी का वागतेय हे शोधायचं काम उरतंच, आणि पहाटे तीन वाजता, पुढचं उड्डाण डोक्यावर असताना, तेच पहिलं मागे पडतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही. दहावा दिवस येतो, स्पेअर आलेला नसतो. मग टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, लिहितात, "तपासलं, ठीक आहे", आणि स्नॅग बंद होतो. दोन उड्डाणांनी तोच स्नॅग पुन्हा येतो, नवी नोंद होते, नवे दहा दिवस मिळतात. कागद स्वच्छ दिसतो. मुदतवाढीचा रीतसर मार्ग आहे, तिथं कारण द्यावं लागतं. ते टाळायला ही पळवाट काढली जाते. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, कारण मुदत ठेवण्यामागचा हेतूच त्यात मारला जातो. वस्तू एक दिवस बंद असताना दुसरी बिघडण्याची शक्यता कमी. महिनाभर बंद असेल तर ती वाढत जाते. तीन आणि दहा दिवस त्याच हिशेबाने आले आहेत.

आमच्या गल्लीतली एक मुलगी एएमईचा, म्हणजे विमान दुरुस्ती इंजिनिअरचा, कोर्स करतेय. परवा विचारत होती, "काका, लाइनवर गेल्यावर पहिलं काय बघू?" मी म्हटलं, आजचा स्नॅग वाचलास की मागची वीस पानं उलट. तोच एटीए चॅप्टर, म्हणजे विमानातल्या त्या यंत्रणेचा ठरलेला क्रमांक, तोच भाग, "ठीक आहे" असा शेरा आणि पुन्हा तीच तक्रार दिसली, तर सही करू नकोस. शिफ्ट इन्चार्जला लेखी दे. आणि कुणी घाई केलीच तर लक्षात ठेव, एमईएलमध्ये बसत असलं तरी विमान न्यायचं की नाही हे शेवटी कॅप्टन ठरवतो. त्याला सगळं सांग, नोंदीत लिहिलेलं आणि न लिहिलेलंही.