नऊ वाजता धोंडा

अलास्कातल्या देनाली राष्ट्रीय उद्यानाच्या बसची खिडकी उघडायला दोन्ही अंगठे लागतात. वरच्या काचेच्या दोन टोकांना दोन खिट्ट्या. त्या एकदम दाबायच्या आणि काच सरळ खाली आणायची. एक खिट्टी आधी सुटली की काच तिरकी होऊन मध्येच अडकते आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, "थांबा!"

खिडकी अर्धीच उघडते, तेही वरच्या बाजूने. म्हणजे बाहेर बघायचं तर मान उंच करायची. हात बाहेर काढू नये, हे इथेही आहेच. एसटीत ती सूचना डोळ्यांसमोर रंगवलेली असताना कोपर बाहेर टाकूनच आपण मोठे झालो. इथला ड्रायव्हर मात्र निघण्याआधीच बजावतो आणि ते ऐकावं. जनावराच्या लेखी बस म्हणजे रोज दिसणारं, कामाचं ना धामाचं असं एक धूड. त्या धुडाला हात फुटले, की ते बुजणार.

खिडकीची जागा मिळवण्यासाठी रुमाल टाकायचं काही कारण नाही. जाताना डावीकडे बसा असं जाणकार सांगतात, कारण देनालीचं शिखर त्या अंगाला येतं. पण रस्ता एकच, गेलात तसे परत यायचं. जाताना उजवीकडे बसलेल्याला तीच बाजू येताना मिळते. शिवाय 6190 मीटरचं ते शिखर येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकालाच दिसतं. उरलेल्या दोघांनी ढग कुठल्या बाजूने बघितले, याला फारसा अर्थ नाही.

उद्यान 1917 चं. चार्ल्स शेल्डन या शिकारी-अभ्यासकाने डॉल या पांढऱ्या रानमेंढ्यांची कत्तल थांबावी म्हणून खटपट केली, त्यातून ते झालं. रस्ता 92 मैलांचा, पण डांबर पहिल्या 15 मैलांपुरतंच. आपली गाडी सॅव्हेज नदीपर्यंत, पुढे बस. अँकरेज-फेअरबँक्स महामार्ग झाल्यावर गाड्यांची झुंबड उडणार हे ओळखून 1972 मध्येच ही सोय केली, म्हणून आजही रस्त्याकडेला अस्वल निवांत चरताना दिसतं. 45 व्या मैलाजवळ मात्र रस्ताच घसरतो आहे, म्हणून 2021 च्या ऑगस्टपासून तो तिथे बंद आहे. उतारातला कायमचा गोठलेला थर वितळतो आणि वरची माती धरायला काही उरत नाही. तिथे पूल होईपर्यंत बस 43 व्या मैलावरून मागे वळते. जाऊन-येऊन साधारण पाच तास. वाटेत खायला काही विकत मिळत नाही. दशम्या, चटणी आणि पाणी घरूनच.

आता ओरडण्याबद्दल. ताडोबात कान लागतो. वानर खाकरलं, चितळ ओरडलं की गाईड जिप्सी थांबवतो. इथे झाडं सरली की नुसतं टुंड्राचं मैदान, तिथे कॉल कोण देणार? चाळीस माणसांचे डोळे हाच काय तो माग. कोणालाही काही दिसलं तरी "थांबा" म्हणायचं आणि मग घड्याळ सांगायचं: बसचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. "नऊ वाजता, लाल झुडपांच्या वर." यावर एखादा मनगटाकडे बघतोच. हात दाखवून "ते बघा, तिकडे" म्हणणारा मात्र कुठल्याही देशात निरुपयोगी.

बस थांबली की इंजिन बंद होतं. तरी कॅमेरा खिडकीच्या चौकटीवर टेकवू नये. चाळीसजण एका बाजूला सरकले की बस डुलते आणि तो हेलकावा थेट फोटोत उतरतो. टोपीची घडी कॅमेऱ्याखाली घ्यावी. दुर्बीण आठपटीची पुरे, दहापटीत अस्वलापेक्षा आपल्याच हाताचा कंप मोठा दिसतो. अर्धा किलोमीटरवरचं अस्वल आठपटीत साठेक मीटरवर येतं, आणि एवढं पुष्कळ झालं.

इग्लू आणि कॅथीड्रल डोंगरांवर पांढरे ठिपके दिसतात. तेव्हा एक ठिपका धरून ठेवायचा. हलला तर मेंढी, नाही हलला तर बर्फ. लवंडलेली मेंढी बराच वेळ बर्फच असते. कॅरिबू हे इथलं हरीण मात्र लांबूनही शिंगांवरून कळतं, मादीलाही शिंगं असतात. लांडग्याच्या आशेवर तिकीट काढू नये.

सेबल पास या खिंडीत, 38 ते 43 मैलांच्या टप्प्यात, रस्ता सोडून पायी फिरायला बंदी, कारण ती जागा अस्वलांची. तिथे ग्रिझली अस्वल खणत असेल तर दुर्बीण खाली ठेवू नये. खांद्यांमधला उंचवटा म्हणजे खणण्याचे स्नायू. नखं बोटाएवढी. एका फटक्यात ढेकूळ उपटतं, मागच्या पायांमधून माती उडते, डोकं भोकात जातं, परत बाहेर येतं, नाकावर चिखल. दोन हात पलीकडे नवीन खड्डा. हे सगळं एका खारीसाठी. जमिनीत बिळं करणारी, हिवाळ्यात अंगाचं तापमान शून्याखाली नेऊन झोपणारी खार. कधी हाताला लागते, कधी बिळाच्या दुसऱ्या तोंडाने पसार होते. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे अपेशाची गोष्ट, असं आपण म्हणत आलो. इथे त्याच पोखरण्यावर पोट भरतं. फळांच्या दिवसांत एरवी दिवसभर झुडपं ओरबाडणारं एवढं मोठं जनावर एका खारीमागे सगळी बस ताटकळत ठेवतं, आणि बसमध्ये कोणी हूं म्हणून करत नाही.

परतीला निम्मी बस झोपते. तोंडावर धूळ, मांडीवर चिवड्याची रिकामी पिशवी, काच तशीच अर्धी अडकलेली. टेक्लानिका नदीच्या अलीकडे एखादा दबक्या आवाजात म्हणतो, "तीन वाजता. तपकिरी. मोठं." इंजिन बंद होतं, पुन्हा दुर्बिणी निघतात. जाताना नऊ वाजता होता तोच धोंडा.