ज्वारी-काकवीच्या मसाला कुकीज: ग्लुटेनशिवाय चिवट-मऊपणा, सातव्या घाण्यापर्यंतची नोंद

सातव्या घाण्याची कुकी हवी तशी वाकते आहे. पूर्ण गार झालेली कुकी दोन्ही चिमटींत धरून हळूहळू दुमडली की ती पटकन मोडत नाही. आधी वाकते, मग वरच्या भेगा रुंद होतात आणि फाटते तेव्हा आतला भाग ओलसर, पाक मुरल्यासारखा चकचकीत दिसतो. काडकन तुटली किंवा भुगा पडला तर घाणा फसला. ही कसोटी आधीच ठरवून ठेवणं गरजेचं आहे, कारण ओव्हनमधून काढल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्याच कुकीज मऊ असतात आणि त्यात फसगत होते.

आत्ताचं प्रमाण, ३२ ग्रॅमच्या साधारण १६ कुकीजसाठी: ज्वारीचं पीठ ९० ग्रॅम, मोदकाची तांदळाची पिठी ५० ग्रॅम (त्यातली १० ग्रॅम उकडीसाठी बाजूला), टॅपिओका स्टार्च ४० ग्रॅम, इसबगोलाची भुशी मिक्सरमधून बारीक केलेली ४ ग्रॅम, अळणी बटर ११० ग्रॅम, गूळ पावडर ९० ग्रॅम, काकवी ४५ ग्रॅम, बारीक साखर ४० ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, दूध ३० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा सपाट, मीठ २ ग्रॅम. मसाला: सुंठ ५, दालचिनी ३, वेलची १, जायफळ, लवंग आणि मिरे प्रत्येकी अर्धा ग्रॅम. खारं बटर असेल तर मीठ पूर्ण वगळा, तेवढं मीठ बटरमध्येच असतं. वाटी-चमच्याच्या मापाने ही कुकी जमत नाही. दाबून भरलेली आणि अलगद भरलेली ज्वारीच्या पिठाची वाटी यांच्या वजनात इतका फरक पडतो की तेवढ्यावर घाणा फसतो.

पहिले तीन घाणे का फसले, ते थोडक्यात. पहिल्यात बटरऐवजी साजूक तूप होतं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात ते नसतं. ते पाणी गेलं आणि हातात आली ती नानकटाई: खुसखुशीत, चवीला उत्तम, पण वाकणारी नाही. दुसऱ्यात अख्खं अंडं घातलं. पांढऱ्याने कुकी फुगली आणि केकसारखी जाळीदार झाली, दुसऱ्या दिवशी कोरडी पडली. तिसऱ्यात इसबगोल ७ ग्रॅम केलं. कुकी पसरलीच नाही, गोळा तसाच राहिला आणि मधला भाग रबरासारखा लागला. ४ ग्रॅमच्या वर जाऊ नका.

खरा बदल चौथ्या घाण्यात झाला, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून बसलेला आहे. ज्वारीत आणि तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, तरी भाकरी थापली जाते आणि मोदकाची पारी मुरडते. कारण पिठाला कढत पाणी लागलेलं असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे तांदळातला स्टार्च फुगतो, पाणी धरतो आणि चिकट होतो. कुकीच्या मळलेल्या पिठात मात्र पाणी इतकं कमी आणि साखर इतकी जास्त असते की भाजताना बराचसा स्टार्च कोराच राहतो. म्हणून तो खाताना रवाळ लागतो आणि कुकी भुसभुशीत होते. गव्हात ही उणीव ग्लुटेन भरून काढतं. इथे थोडं पीठ आधीच उकडून घ्यायचं.

कृती अशी. छोट्या कढल्यात १० ग्रॅम पिठी आणि ३० ग्रॅम दूध गार असतानाच गुठळी न होता कालवा. मंद आचेवर सतत हलवत राहा. दीड-दोन मिनिटांत कडेने घट्ट व्हायला लागतं, मग सगळं एकदम आळतं. चमचा फिरवल्यावर तळाशी पडलेली रेघ लगेच मिटेनाशी झाली की उतरवा. मिश्रण खिरीपेक्षा घट्ट, उकडीपेक्षा सैल हवं. काट्यावर ते ३२ ते ३४ ग्रॅम भरायला हवं. २८ वर आलं असेल तर जास्त आटलंय, चमचाभर दूध घालून सारखं करा. कोमट झाल्याशिवाय बलक घालू नका, नाहीतर त्याच्या कण्या होतात. इसबगोलही याच ओल्या मिश्रणात घालायचं, कोरड्या पिठात नाही. कोरड्यात गेलं तर गुळाच्या आणि बटरच्या गर्दीत त्याला पाणी मिळत नाही आणि ते ठिपक्यांसारखं तसंच राहतं.

उकडीसाठी पिठी आंबेमोहोराची किंवा इंद्रायणीची, म्हणजे चिकट तांदळाची घ्या. मोदकाची पिठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळलेली असते, त्यामुळे दाताखाली कचकचतही नाही.

काकवी हा दुसरा खांब. परदेशी पाककृतींमध्ये या कुकीला मोलॅसिस लागतं, आणि ते शोधत फिरण्यापेक्षा गुऱ्हाळावरची काकवी कितीतरी सरस. रस आटताना गूळ धरण्याआधी ती उतरवून घेतात, त्यामुळे ती पातळ राहते, आणि उसाचा रस मुळात किंचित आंबट असल्यामुळे उकळताना त्यातल्या काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेलं असतं. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून धरतं. कुकी दुसऱ्या दिवशीही वाकते ती याच्याच जोरावर. पाचव्या घाण्यात काकवी वगळून नुसता गूळ १३५ ग्रॅम घातला होता: चव जवळपास तीच, पण कडा चिक्कीसारख्या कडक झाल्या. उलट काकवी ७० ग्रॅम केली की कुकी ट्रेवर पातळ पसरते आणि कागदाला चिकटते. ४५ हा मध्य. खाली साखर बसलेली बाटली असेल तर गरम पाण्यात ठेवून विरघळवून मगच मोजा. ढेपेचा गूळ किसून घेणार असाल तर पावसाळ्यात तो ओलसर असतो हे लक्षात ठेवा, आणि दूध ५ ग्रॅमने कमी करा.

ज्वारीचं पीठ ताजंच हवं. विरी (बांधून धरण्याचा चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडांना फाटते, तसंच इथे कुकीच्या कडेला होतं, शिवाय मागाहून कडवट चव येते. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं पीठ पांढरं आणि गोडसर असतं, मसाल्याच्या कुकीला तेच शोभतं. टॅपिओका स्टार्च मिळाला नाही तर साबुदाणा दळून चालतो, पण ३० ग्रॅमच घ्या. साबुदाणा बनवताना दाणे तापवलेले असतात, त्यामुळे त्यातला स्टार्च अर्धवट शिजलेला असतो आणि गार असतानाच जास्त पाणी पितो. पूर्ण ४० घातला की गोळा दगडासारखा घट्ट होतो.

ज्यांच्या घरी सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असलेलं माणूस आहे त्यांनी गिरणीतून ज्वारी दळून आणू नये. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू त्याच जात्यातून गेलेले असतात. ग्लुटेन-फ्री म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, ती जात्यात उरलेल्या पिठानेही ओलांडली जाऊ शकते. घरघंटीवर कधीच गहू दळले नसतील तर ठीक, नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट. तयार मसाला आणि बेकिंग पावडर यांची पाकिटंही वाचा. या कुकीत नुसता सोडा पुरतो, गूळ-काकवीच्या हलक्या आंबटपणावर तो चालतो. मात्र अर्ध्या चमच्याच्या वर गेला तर साबणासारखी चव येते.

मसाला बटरमध्ये घालायचा, पिठात नाही. बटर नुसतं वितळवा, कोमट झालं की सगळा मसाला त्यात घालून पाच मिनिटं ठेवा. सुगंधी तेलं स्निग्धात चांगली उतरतात, तीच पूड पिठात मिसळली की वास अर्धाच लागतो. सुंठ घरी कुटली असेल तर वस्त्रगाळ करा, तिचे तंतू दातात अडकतात. सुंठेऐवजी ओलं आलं घालू नका: त्याचं पाणी हिशोब बिघडवतं, शिवाय वाळताना आल्याचा तिखटपणा बदलतो आणि वाढतो, तो ठसका ओल्या आल्यात नाही. लवंगेत हात सैल सोडू नका, एक ग्रॅमला जीभ बधिर होते. सहाव्या घाण्यात आलेपाकाचे तुकडे घालून पाहिले. मधले छान लागले, पण कडेला आलेले विरघळून ट्रेवर वाहिले आणि करपले. घालायचेच तर गोळ्याच्या पोटात दाबून घाला.

मसाल्याच्या बटरमध्ये गूळ, साखर, काकवी एकजीव करा, मग उकड-बलक-इसबगोल, शेवटी चाळलेली पिठं, सोडा आणि मीठ. इथे गोळा सैल, जवळपास भज्यांच्या घट्ट पिठासारखा दिसतो. घाबरून पीठ वाढवू नका. झाकून फ्रिजमध्ये १२ तास ठेवा, अगदीच घाई असेल तर ३. पीठ पाणी पितं, गोळा वळण्याजोगा होतो आणि रवाळपणा जातो.

३२ ग्रॅमचे गोळे, मध्ये दोन इंच अंतर. ओटीजी दोन्ही रॉड लावून १५ मिनिटं तापवा, मधली जाळी, १७० अंश, ११ मिनिटं. ओटीजीच्या चाव्या सर्रास १०-२० अंश चुकतात, म्हणून आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. गूळ लवकर लाल होतो, रंगावर भरवसा ठेवू नका. कडेचा बोटभर भाग बसलेला आणि मधला फुगून ओला दिसत असतानाच बाहेर काढायचं. दोन मिनिटं जास्त झाली तर चिवटपणा गेलाच. काढल्या काढल्या उचलू नका, ग्लुटेन नसल्यामुळे गरम कुकी उलथन्यावरच तुटते. ट्रेवरच १० मिनिटं राहू द्या, तेवढ्यात मध्य आपोआप शिजून बसतो. पहिल्यांदा करताना एकच कुकी भाजून बघा: ९ सेंटिमीटरच्या वर पसरली तर उरलेल्या गोळ्यात १० ग्रॅम ज्वारी मिसळा, तिचा घुमट तसाच राहिला तर बाकीचे गोळे ठेवताना बोटांनी चपटे करा.

चव दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगली. चौथ्या दिवसापासून स्टार्च पुन्हा घट्ट होतो, तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये ८ सेकंद दिली की कुकी परत वाकते. वरून साखर घोळवणं पावसाळ्यात टाळा. काकवी पाणी ओढते, साखर विरघळते आणि कुकी डब्यात एकमेकींना चिकटतात. कच्चे गोळे फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात, ते थेट १३ मिनिटं भाजायचे.

बिनअंड्याची अजून जमलेली नाही. बलकाऐवजी ८ ग्रॅम जवसाची पूड २० ग्रॅम गरम पाण्यात भिजवून घातली: गोळा बांधला गेला, पण जवसाच्या वासाखाली वेलची हरवली आणि मध्य दाट, चिकट राहिला. पुढच्या घाण्यात जवस ४ ग्रॅम, पाणी १० ग्रॅम आणि बलकाच्या स्निग्धपणासाठी फेटलेली साय १५ ग्रॅम. उकड तीच ठेवायची.