उकिडवं बसणाऱ्यांचं घराणं

बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या अजिंक्यपदाची अंतिम मालिका, आपल्याकडे भल्या पहाटे सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे, घर झोपलेलं असताना चहाचा कप घेऊन ती बघायची ही माझी जुनी खोड. पण माझं लक्ष चेंडू फेकणाऱ्या पिचरवर कमीच असतं. मी बघत असतो कॅचरला, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाला. संघातले बाकीचे आठही जण फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात आणि हा एकटा त्याच्या मागे उकिडवा बसून उलटीकडून सगळं मैदान न्याहाळत असतो.

आपला यष्टिरक्षक निदान वेगवान गोलंदाजाला वीस पावलं मागे उभा राहतो, षटक संपलं की स्लिपमधल्यांशी दोन गप्पा हाणतो. कॅचरच्या नशिबात तेही नाही. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडूही त्याने बॅटच्या लगेच मागे बसूनच घ्यायचा. शिवाय कुठला चेंडू टाकायचा ते सुचवायचं. मांड्यांच्या आडोशाला एक बोट दाखवलं की वेगवान फास्टबॉल, दोन दाखवली की वळणारा कर्व्ह. पिचरला बोटं नीट दिसावीत म्हणून कित्येक दांडगे कॅचर नखांना चक्क नेलपॉलिश लावत. २०२२पासून मनगटावरच्या यंत्राची बटणं दाबून खुणा करायची परवानगी मिळाली. सोयीचं आहे, समोरच्या संघाला खुणा चोरताही येत नाहीत. पण नेलपॉलिशची मजा त्यात नाही.

दिवसभर अशी दुसऱ्यांची चाल ठरवणारा माणूस निवृत्तीनंतर कोच झाला तर नवल कसलं? आपल्याकडचे चंद्रकांत पंडित बघा. यष्टिरक्षक होते, पुढे कोच झाले आणि मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक मिळवून दिला. बेसबॉलमध्ये तर ही वहिवाटच आहे. त्यातही न्यूयॉर्क यांकीज संघात ती गाण्यातल्या घराण्यासारखी चालत आली.

त्या घराण्याचे मूळपुरुष बिल डिकी. १९२८ ते १९४६ यांकीजकडून खेळले आणि सलग तेरा मोसम, दर मोसमात शंभरावर सामने त्यांनी असे उकिडवे बसून काढले. गुडघ्यांचं काय झालं असेल, देव जाणे. १९४९मध्ये व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये कोचांच्याही वरचा, संघ चालवणारा माणूस) केसी स्टेंगेलने त्यांना कोच म्हणून बोलावलं ते मुख्यतः एका पोरासाठी. योगी बेरा. बसका, रुंद, मांडी घालून बसला की सिनेमातल्या हिंदुस्थानी योग्यासारखा दिसतो म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलेलं. बॅट जबरदस्त, पण यष्टीमागे, म्हणजे फलंदाजाच्या प्लेटमागे, सगळा आनंदीआनंद. १९४७च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या धावपटूंनी त्याच्या नाकावर टिच्चून बेस चोरले होते, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पुढचा थांबा गाठला होता, आणि त्याला उचलून लांब उजवीकडे राइट फील्डला धाडायची वेळ आली होती.

डिकींनी त्याला पायापासून घडवलं. फलंदाजाच्या किती जवळ बसायचं, चेंडू हातात आल्याबरोबर पाय कसे वळवायचे, मग फेकायचं कसं. योगीने वार्ताहरांना आपल्या मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं त्याचा मराठी अवतार असा: ‘डिकी मला त्यांचा सगळा अनुभव शिकतायत.’ व्याकरण राहिलं कच्चं, पण हात पक्के झाले. १९५७ ते १९५९च्या दरम्यान कॅचर म्हणून सलग १४८ सामन्यांत त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. दोघांचाही नंबर ८. यांकीजने तो १९७२मध्ये दोघांच्या नावाने एकदमच निवृत्त केला.

याच डिकींनी १९५४मध्ये आणखी एकाला हाताशी धरलं: एल्स्टन हॉवर्ड. मूळचा आउटफिल्डर, म्हणजे सीमेकडचा क्षेत्ररक्षक. १९५५मध्ये तो यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. पण पुढ्यात योगी! त्यामुळे कितीतरी वर्षं मिळेल त्या जागी खेळत आपली पाळी येण्याची वाट बघत राहिला. पाळी आली तेव्हा, १९६३मध्ये, अमेरिकन लीगचा (अव्वल बेसबॉलच्या दोन लीगपैकी यांकीजची लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मानही तिथे कुणा कृष्णवर्णीयाला पहिल्यांदाच मिळत होता. १९६९मध्ये कोच झाला, तोही त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय.

जून १९७७मध्ये बॉस्टनला भर सामन्यात, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना, यांकीजचा व्यवस्थापक बिली मार्टिन आपल्याच संघातल्या रेजी जॅक्सनच्या अंगावर धावून गेला. त्याला धरून आवरलं कुणी? योगी आणि एल्स्टन या दोन कोचांनी. डिकींचे दोन्ही चेले एकाच डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर. पिचरचं भडकलेलं डोकं थंड करण्यात दोघांचीही हयात गेलेली. सवय कामाला आली असणार.

योगीला व्यवस्थापकाची मोठी खुर्ची मिळाली, गेली, पुन्हा मिळाली. १९८५मध्ये तर अवघ्या सोळा सामन्यांनंतर नारळ दिला, तेव्हा चिडून तो चौदा वर्षं यांकी स्टेडियमची पायरी चढला नाही. एल्स्टनला रुसायलाही तेवढी जागा नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत मार्टिन गेला, बॉब लेमन आला, मग पुन्हा मार्टिनच आला. एल्स्टन दहा वर्षांवर कोचच राहिला. १९८०मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला, तोवर व्यवस्थापकपदासाठी त्याचा विचार करावा असं कुठल्याही संघाच्या मालकाला पुरेसं मनापासून वाटलं नव्हतं.